घरातले बोलणे आणि मुलाची भाषा

(तळेगाव ढमढेरे येथील पालक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा वाढवून)



मूल जन्मास आले की आपल्याकडे प्रथम त्याच्या कानात अजान दिली जाते. त्या इवल्या जिवाला त्यातले काय कळणार, असे तेव्हा कोणी विचारीत नाही. कळो न कळो, त्याच्याशी बोलायचे, हे आपल्या वाडवडिलांनी ठरवून टाकलेले आहे. पुढे मात्र आपल्याला याचा विसर पडतो. चार महिन्यांच्या मुलाशी गप्पा मारणाऱ्या आईला आपणच हसतो आणि म्हणतो, "अगं, त्याला काय समजतंय?" वस्तुतः १९८० साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या मुलांवर प्रयोग केला, तेव्हा असे दिसले की परक्या बाईऐवजी आपल्या आईचा आवाज ऐकू यावा म्हणून ती मुले चोखणी चोखण्याची लय बदलतात. म्हणजे आईच्या आवाजाची ओळख पोटात असतानाच झालेली असते. तेव्हा भाषेचे शिक्षण पहिलीच्या वर्गात सुरू होते, हा समज आपण आधी सोडला पाहिजे.

मी पुष्कळ वर्षे शिरूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक म्हणून काम केले. पहिलीचा वर्ग मी आवडीने मागून घेत असे. दर वर्षी जूनमध्ये आपल्या समाजातील पालक मुलाचे बोट धरून येत आणि दोन वाक्ये हमखास बोलत. पहिले, "गुरुजी, हा घरी फार बोलतो, शाळेत तोंड उघडत नाही." दुसरे, "आमचं घर अडाणी, आम्ही त्याला काय शिकवणार?" यातले पहिले वाक्य खरे असे. दुसरे खरे नाही, आणि ते का खरे नाही हेच मला आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे.

आपल्या घरात जी बोली चालते तिला कोणी उर्दू म्हणतो, कोणी हिंदी, तर गावातले लोक तिला नुसतेच 'मुसलमानी' म्हणतात. जाणकार तिला दखनी म्हणतात. ही बोली मराठीची शेजारीण आहे आणि शेकडो वर्षे दोघींची देवघेव चालू आहे. आपण 'नक्को' म्हणतो तो मराठीतला 'नको'. 'मैंच', 'आजच', 'इधरच' यांतला शेवटचा 'च' थेट मराठीतून आलेला आहे. दिल्ली-लखनौचा माणूस हा 'च' ऐकून गोंधळून जातो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमानांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख भरली आणि उर्दू ही मातृभाषा म्हणून नोंदवणारे सुमारे ७५ लाख निघाले. बाकीच्या लाखो लोकांनी दुसरी कुठली तरी भाषा आपली म्हणून सांगितली. आपल्याकडे घराची भाषा एका शब्दात सांगता येत नाही, हे या आकड्यांवरूनही दिसते. आपल्या शेजारच्या श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत रचला. त्यांच्या घरी कोणती बोली होती याची चौकशी आज कोणी करीत नाही.

परंतु पहिलीच्या वर्गात चौकशी होते, आणि ती कधी कधी फार कठोर असते. आपल्या बोलीत 'ळ' नाही. मूल 'शाला' म्हणते, 'पानी' म्हणते, आणि वर्ग हसतो. आपल्या बोलीत लिंगे दोन, मराठीत तीन. किताब स्त्रीलिंगी, म्हणून मूल सरळ हिशेबाने 'माझी पुस्तक' म्हणते. हिशेब अगदी बरोबर आहे, फक्त वही दुसरी आहे. शिक्षकाने हे ओळखले तर दोन महिन्यांत चूक सुटते. न ओळखता हसला तर मूल एक गोष्ट मात्र चटकन शिकते, ती म्हणजे गप्प बसणे.

मी कधी हसलो नाही. पण मी याहून मोठी चूक केली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे बोलणे मला बरे वाटत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडील शिवणकाम करीत, आई घर सांभाळी, आणि दादी दिवसभर ओसरीवर बसून नातीशी बोले. शाळेत मात्र मुलगी मुकी. दिवाळीच्या सुट्टीआधी मी तिच्या वडिलांना बोलावून मोठ्या अधिकाराने सांगितले, "घरात मराठीच बोला. ही तुमची भाषा बंद करा, म्हणजे पोरगी सुधारेल." बिचारा आज्ञाधारक माणूस. त्याने घरी हुकूम सोडला. आईला मराठी येई ती बाजारापुरती. भाव करण्याइतकी, शेजारणीला 'चहा घ्या' म्हणण्याइतकी. त्या मराठीत मुलीला गोष्ट सांगता येईना, रागावता येईना, लाड तर मुळीच करता येईनात. राहिले काय? 'ये', 'बस', 'जेव', 'झोप', 'जा'. दादीला मराठी कळे पण बोलता येत नसे, म्हणून ती बोलायचीच थांबली.

मला हे कळले ते ईदेच्या दिवशी. शीरखुर्मा घ्यायला त्यांच्या घरी गेलो. ज्या ओसरीवरचा आवाज पूर्वी रस्त्यापर्यंत येई, तिथे सगळे शांत. वडील अभिमानाने म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सांगितलं तसं केलं." मी मुलीकडे पाहिले. ती शाळेत मुकी होती, आता घरातही मुकी झाली होती. घरातली भाषा काढून घेतली आणि तिच्या जागी शाळेची भाषा आली नाही, कारण ती द्यायला घरात कोणी नव्हते. एवढी साधी गोष्ट मला डी. एड. करूनही समजली नव्हती.

त्याच दिवशी मी शब्द मागे घेतला. दादींना म्हटले, "तुम्ही तुमच्या भाषेतच सांगा, सगळं सांगा. फक्त तिला विचारू द्या, आणि विचारलं की उत्तर द्या." मग एक दिवस त्यांना शाळेतच बोलावले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या डोंगरावर आदिवासी मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, हे मी पुस्तकात वाचले होते. माझ्याने तेवढे होणे नव्हते, पण अंगणातली एक म्हातारी शाळेत आणणे शक्य होते. दादींनी दखनीत कोल्ह्याची गोष्ट सांगितली. वर्गातल्या मराठी मुलांना निम्मी कळली, निम्मी नाही. ती सगळी त्या मुलीकडे वळून विचारू लागली, "ए, काय म्हणाली? मग कोल्हा कुठं गेला?" आणि ती मुलगी उभी राहून मराठीत सांगू लागली. चुकत, अडखळत, 'कोल्हा' ऐवजी 'कोला' म्हणत. पण सांगू लागली.

आता याविषयी अभ्यासक काय म्हणतात ते थोडक्यात पाहू. १९९५ साली अमेरिकेत हार्ट आणि रिस्ली या दोघांचे एक पुस्तक निघाले. कॅन्सस भागातील ४२ कुटुंबांत महिन्यातून एकदा तासभर बसून त्यांनी घरातले बोलणे टिपले होते. त्यांचा अंदाज असा की, चौथ्या वर्षापर्यंत सुशिक्षित नोकरदारांच्या मुलाच्या कानावर गरिबाच्या मुलापेक्षा सुमारे ३ कोटी शब्द जास्त पडतात. हा आकडा जगभर गाजला आणि गरीब आईबापांच्या माथी आणखी एक दोष आला. परंतु त्या ४२ कुटुंबांत सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबे अवघी ६ होती, आणि मुलाला उद्देशून जे बोलले जाई तेवढेच मुख्यतः मोजलेले होते. २०१८ साली दुसऱ्या अभ्यासकांनी पाच निरनिराळ्या वस्त्यांत आजी, काका, भावंडे, शेजारी यांचे मुलाभोवतीचे बोलणेही मोजले, तेव्हा ती दरी सगळीकडे तशी आढळली नाही. काही गरीब वस्त्यांतील मुलांच्या कानावर भरपूर बोलणे पडत होते. आपल्या एकत्र कुटुंबातील, ओट्यावरच्या आयांना हे सांगण्यासाठी अमेरिकेची गरज नव्हती, पण पुरावा आहे तर तो सांगितलेला बरा.

त्याच वर्षी बोस्टन भागातील आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चार ते सहा वर्षांची ३६ मुले. त्यांच्या घरातले बोलणे यंत्राने टिपले आणि गोष्ट ऐकताना मेंदूचा भाषेचा भाग किती काम करतो हेही पाहिले. कानावर किती शब्द पडले यापेक्षा, मूल बोलले की मोठे माणूस बोलले, पुन्हा मूल बोलले, असे किती वेळा घडले याचा मेंदूच्या त्या कामाशी जास्त संबंध दिसला. घरच्या उत्पन्नाचा हिशेब धरूनही तो टिकला. हा शोध वाचताना मला ती दादी आठवली.

म्हणजे करावयाचे काय? मूल दाराशी उभे राहून 'कौवा!' म्हणते. तुम्ही 'हौ' म्हणून गप्प बसू शकता. किंवा म्हणू शकता, "हौ, कौवा. देख, मूं में क्या लेको जाराय?" आता मुलाला पाहावे लागते, विचार करावा लागतो, काही तरी म्हणावे लागते. ते चुकीचे म्हणाले तरी चालेल. तुम्ही कांदा चिरता आहात, मूल विचारते, "अम्मी, कायकू रोती?" हा प्रश्न म्हणजे आयती संधी आहे. यासाठी पुस्तक लागत नाही, पैसा लागत नाही, आणि हातातले कामही थांबत नाही.

'आमचं घर अडाणी' म्हणणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, तुमचा धंदा काय? आपल्या भागात तांबोळी आहेत, आतार आहेत, बागवान, मणेर, पिंजारी, मुलाणी आहेत. आताराच्या पालावर बसलेल्या मुलाला करगोटा, बिब्बा, काळे मणी, कुंकवाचे प्रकार, सुईचे नंबर हे सगळे नावानिशी माहीत असते. बागवानाचे पोर कांद्याकडे बघून गोल्टी कोणती, जोड कोणता, हे सांगते. शिंप्याच्या घरात 'कापड बेतणे' हा शब्द रोज वापरला जातो. बेत करणे आणि बेतणे यांचे नाते त्या घरातल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. गॅरेजवाल्याच्या मुलाला दहा-अकराचा पान्हा आणि बारा-तेराचा पान्हा यांतला फरक दोन हात लांबून कळतो. हे सारे भाषेचेच धन आहे. फक्त काम करताना आपण मुलाला 'बाजूला हो' म्हणतो आणि ते धन त्याच्या हाती लागू देत नाही. दुकानात गर्दी असताना नाही जमणार, हे मला मान्य आहे. पण माल लावताना, दुकान झाडताना जमेल.

शाहीर अमर शेख यांचे उदाहरण पाहा. १९१६ साली बार्शीला एका गरीब घरात जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा बुलंद आवाज झाला. घरात ग्रंथ नव्हते. आई मुनेरबी होत्या, आणि त्यांच्या तोंडी ओव्या आणि गाणी होती.

आता शाळेची बाजू. घर आणि शाळा यांच्या प्रश्न विचारण्याच्या पद्धतीच वेगळ्या असतात, इकडे आपले लक्ष जात नाही. १९८३ साली शर्ली हीथ या विदुषीने अमेरिकेतील दोन कामगार वस्त्यांवर एक सुंदर पुस्तक लिहिले. त्यातल्या काळ्या लोकांच्या वस्तीत मोठी माणसे मुलांना 'हे काय आहे?' असे विचारीतच नसत, कारण उत्तर दोघांनाही माहीत असे. ती विचारीत, 'हे कशासारखं आहे?' ती मुले गोष्टी रचण्यात पटाईत होती, पण शाळेत गप्प बसत. मी आंब्याचे चित्र दाखवून 'हे काय?' असे विचारी, तेव्हा माझ्याही वर्गातली काही मुले माझ्याकडे संशयाने बघत. गुरुजींना आंबा माहीत नाही काय? मी विचारणे बदलून पाहिले: "असा आंबा तुम्ही कुठं पाहिला?" मग झाड कोणाचे, दगड कोणी मारला, मालक कसा धावला, हे सगळे निघाले. तास संपला तरी निघत होते! तेव्हा घरी अधूनमधून 'हे काय, ते काय' हेही विचारावे, म्हणजे शाळेचा खेळ मुलाला ओळखीचा होईल, आणि शाळेने घरचा खेळ शिकून घ्यावा.

एक नाजूक गोष्ट बोलतो, गैरसमज नसावा. आपल्या घरात अदबीला फार मान आहे, आणि तो असावा. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, हे ठीक. पण पुष्कळ घरांत, आणि विशेषतः मुलींच्या बाबतीत, अदब म्हणजे गप्प बसणे असे होऊन गेले आहे. पाहुणे आले की 'सलाम कर आणि आत जा'. सलाम केल्यावर पाहुण्याच्या एका प्रश्नाला तिने पूर्ण वाक्यात उत्तर दिले तर कोणती अदब बुडते? उलट नीट बोलायला शिकणे हाच अदबीचा मोठा भाग आहे.

वडिलांविषयीही बोलले पाहिजे. रांजणगावच्या आणि सणसवाडीच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या बापाला मूल बहुतेक वेळा झोपलेलेच दिसते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण सुट्टीच्या दिवशी मुलाला गाडीवर पुढे बसवून वेळ नदीच्या पुलापर्यंत नेले आणि वाटेत दिसेल त्यावर बोलले, तर ती अर्धी घटकाही कमी नव्हे. आज मात्र त्या वेळेत मुलाच्या हाती मोबाईल दिला जातो, आणि वर समाधान असे की त्यात गाणी आहेत, कविता आहेत, इंग्रजी आहे. २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या मुलांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकली त्यांना तिचे आवाज ओळखू येऊ लागले. तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर पाहिले त्यांना काहीच आले नाही. पडदा मुलाकडे बघून थांबत नाही आणि उत्तराची वाट बघत नाही.

माध्यमाचा वाद मी आज काढणार नाही. मराठी, उर्दू की इंग्रजी, हा निर्णय ज्याने त्याने परिस्थिती पाहून करावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, आणि माझे मतही त्याच बाजूचे आहे. परंतु इंग्रजी शाळेत घातलेल्या मुलाशी काही आया जे बोलतात ते ऐकून मला भीती वाटते. "बेटा, ॲपल खा. हँड वॉश कर. डॉगी देख." यात मुलाच्या हाती सुटी नावे लागतात. 'पाऊस आला असता तर आपण गेलो नसतो' असे वाक्य कोणत्याच भाषेत त्याच्या कानावर पडत नाही. ज्या भाषेत तुम्हाला भांडता येते, चेष्टा करता येते आणि उद्याचा बेत सांगता येतो, त्या भाषेत बोला. दोन भाषांनी मूल गोंधळते ही भीती व्यर्थ आहे. एका वाक्यात दोन भाषा मिसळणे हे त्या वयाचे स्वाभाविक वागणे आहे, आणि अशा मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत.

एक सावधगिरीची सूचना मात्र लक्षात ठेवा. दीड वर्ष होऊनही मूल एकही अर्थाचा शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, किंवा मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर 'याचा बापही उशिरा बोलला होता' म्हणून थांबू नका. कान तपासून घ्या. अंगणवाडीतील आणि शाळेतील मुले तपासण्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. अंगणवाडीच्या ताईंना विचारा, त्या सांगतील.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे सभेनंतर एका भगिनीने मला विचारले, म्हणून लिहितो. ती काही पहिली वगैरे आली नाही. साधारण गुणांनी दहावी झाली, लग्न झाले, आता वडिलांचेच शिवणकाम घरून करते. मध्यंतरी तळेगावच्या बाजारात भेटली, बरोबर तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा होता. मी चष्मा पुसत होतो. मुलाने माझ्याकडे बघितले आणि आईला विचारले, "अम्मी, ये आजोबा चष्मा कायकू पुसतंय?" बाजारात गर्दी होती, तिच्या हातात दोन पिशव्या होत्या. तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "धूल लगी ना उसकू. तूच पूछ ना आजोबाकू, क्या दिख्या करके." त्याने माझ्याकडे तोंड वळवून विचारले. मी जे जे दिसत होते ते सांगू लागलो, आणि त्याचे प्रश्न काही संपेनात.